माळेचं पथ्य

कोरीटमध्ये कोणाचे डोळे पिवळे झाले की घरच्यांना फार विचार करावा लागत नसे. रविवारी नाहीतर बुधवारी सकाळी, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, कौसाबाईचं घर गाठायचं. ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसायचं. कौसाबाई घेटुळीच्या, म्हणजे शहाणी माणसं जिला पुनर्नवा म्हणतात तिच्या, ओल्या मुळ्यांचे बारीक तुकडे करायची, ते पांढऱ्या दोऱ्यात एकेका गाठीत अडकवायची आणि झालेली माळ डोक्यावर टोपीसारखी बसवायची. बांधताना ती बोलत नसे आणि बांधून झाल्यावर रुपयाही घेत नसे. पुढे ती माळ लांबत जायची. कपाळावरून गळ्यात यायची, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. माळ जसजशी खाली, तसतशी कावीळ खाली. पायांतून निघाली की माणूस मोकळा.

आणि बहुतेक माणसं मोकळी होतही. साधी कावीळ आराम केला, खाण्यापिण्याचं सांभाळलं की आपली आपण जाते, हे कौसाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ते ठाऊक होतं ते तिच्या ओट्यावर येत नव्हते. जे बरे झाले ते नारळ घेऊन आले. जे बरे झाले नाहीत ते सांगायला परत आले नाहीत. नाव व्हायला एवढं पुरतं.

माळेला पथ्य मात्र फार. तेल नाही, हळद नाही, कोणाच्या घरचं अन्न नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे माळ अंगावर असेपर्यंत सुई टोचून घ्यायची नाही, दवाखान्याची गोळी गिळायची नाही. नाहीतर माळ उलटते. हे कौसाबाईला सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. उलटते म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती. सासूने सांगितलेलं तपासून बघायचं असतं, हे तरी कोणत्या सुनेला सुचलंय?

कौसाबाईला एकच लेक, ममता. ती रनाळ्याला दिलेली. जावई हेमकांत नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. माणूस सरळ, बोलायला कमी. त्यांना चेतना नावाची मुलगी, तिसरीत शिकणारी. गेल्या पावसाळ्यात ममताचं अंग सुजायला लागलं, केस गळायला लागले, जिना चढली तरी दम लागायचा. तपासलं तर थायरॉईड निघाला. डॉक्टरने रोजची एक गोळी दिली आणि ती बहुधा कायमची घ्यावी लागेल असं सांगितलं. ते 'कायमची' कौसाबाईला सहनच झालं नाही. पोरीचं वय काय आणि जन्माची गोळी काय! तिच्या शेताच्या बांधावर निंब होता आणि निंबावर गुळवेल चढलेली होती. निंबावरची गुळवेल म्हणजे तर अमृतच, असं सगळे म्हणत. करोनात अख्ख्या गावाने तिचा काढा प्यायला होता. कौसाबाईचा नवरा हिलाल तो अजून पीत होता आणि गड्याला साधी शिंकही येत नव्हती.

म्हणून तिने रनाळ्याला कांड्या पाठवायला सुरुवात केली. दुधाच्या गाडीवाल्याकडे पिशवी द्यायची आणि फोनवर बजावायचं.

"सकायले निरन्या पोटे पेवानं. भरीसन गिलास. गोळी आपोआप सुटी जाई."

ममता प्यायची. कडू जहर असायचं ते, पण आईने पाठवलेलं. पुढे कधी टाळायचं मनात आलं तरी हेमकांत गाळून हातात आणून द्यायचा, आणि संध्याकाळी कौसाबाईचा फोन यायचा, प्यायलीस ना? प्यायले, म्हटलं की पलीकडून जो आवाज यायचा त्यासाठी ममता तो पेला रिकामा करायची. मायेपोटी माणूस काय काय गिळतं, याला सुमार नाही.

दिवाळी झाली आणि ममता माहेरी आली. हेमकांतने मोटारसायकलवरून आणून सोडली. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "माय, देख ना, मन्हा डोया."

कौसाबाईने तिला उजेडात नेलं, खालची पापणी ओढून पाहिली. पिवळं होतं. तिला हायसंच वाटलं. थायरॉईडचं तिला काही कळत नव्हतं, पण कावीळ म्हणजे तिचा घरचा कारभार.

"कावीळ शे. इतलंच ना? घाबरू नको. आठे ऱ्हाय आठ-पंधरा दिन, देख कशी खडखडीत व्हस ते."

हेमकांत उंबऱ्याजवळ उभा होता. त्याने चप्पलही काढली नव्हती. तो म्हणाला, "मामी, एकदाव नंदुरबारले दखाडी लेऊत का? रक्त तपासी लेतस, मंग माळ बांधा."

"माळवर सुई चालत नही, जवाईबापू. माळ उलटस."

"पहिले सुई, मंग माळ…"

तेवढ्यात हिलाल खाटेवरून उठून बसला. "लोके सुरतथीन आपला ओटावर येतस, आनि आपली पोर आपन दवाखानामा लई जावानी? गाव काय म्हनी?" सासऱ्यापुढे आणि सासूच्या विद्येपुढे जावई काय बोलणार? हेमकांत गप्प बसला. त्या एका गप्प बसण्याने पुढे त्याचा जन्म खाल्ला.

रविवारी सकाळी कौसाबाईने लेकीला माळ घातली. पथ्य म्हणून थायरॉईडची गोळी बंद केली. काढा बंद करायचा प्रश्नच नव्हता. गुळवेल तर काविळीवरही चांगली, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेव्हा सकाळचा पेला होताच, वर संध्याकाळचा एक वाढला.

माळ छान उतरत होती. कपाळावरून गळ्यात आली तेव्हा कौसाबाईने देवापुढे साखर ठेवली. छातीवर आली तेव्हा शेजारची दगूबाई पाहायला आली आणि म्हणाली, "उतरनी वं बाई, उतरनी!" उतरत होती ती माळ. ममताचे डोळे आणखी पिवळे झाले होते, तळहात पिवळे झाले होते. अंगाला एवढी खाज सुटली होती की ती कंगव्याने पाठ खाजवायची. जेवणावर वासना नव्हती. कौसाबाई हे सगळं पाहत होती आणि पुन्हा माळेकडे पाहत होती. आयुष्यभर तिने माळेवरूनच आजार मोजला होता, आजाऱ्यावरून नाही.

मग ममता दिवसासुद्धा झोपायला लागली. हाक मारली तर ओ द्यायची आणि परत डोळे मिटायची. एका सकाळी तिने आईला विचारलं, "चेतनाना बाप शायमातून उना का?" हेमकांत शाळेत कशाला जाईल? कौसाबाई हसली, मग तिने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्याच सकाळी ती पिठाचा डबा काढायला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली. तिथे खुंटीवर एक माळ लटकत होती. ममतासाठी बांधली त्याच दिवशी तिने आणखी एक बांधून ठेवली होती. वावदचा कोणी माणूस येतो म्हणाला होता आणि आलाच नाही. ती खुंटीवरची माळ, जिला कोणाचं डोकं लागलं नव्हतं, कोणाची कावीळ लागली नव्हती, ती लांबत लांबत खाली डब्याच्या झाकणापर्यंत आली होती.

कौसाबाईने हात लावून पाहिला. मुळ्या वाळून चिपाड झाल्या होत्या. ओल्या असताना गाठीत घट्ट बसलेले तुकडे आकसले होते आणि गाठी सैल पडून दोरा मोकळा झाला होता. बस, एवढंच. भिंतीला कावीळ झाली नव्हती, तरी माळ उतरली होती. किती वर्षं, किती डोकी, किती नारळ! ती तिथेच खाली बसली. तिच्या मांडीवर पीठ सांडलं तेही तिला कळलं नाही. मग ती उठली आणि हिलालला न विचारता तिने हेमकांतला फोन लावला.

"जवाईबापू, गाडी लई या. आतेच या."

हिलाल कुरकुरत का होईना सोबत निघाला. नंदुरबारच्या दवाखान्यात ममताला लगेच आत घेतलं. डॉक्टरीण तरुण होती, भरभर बोलणारी. रक्त घेतलं, सलाईन लावलं. गळ्याजवळ नळी घालायची होती म्हणून नर्सने माळ कात्रीने कापली आणि एका कागदात गुंडाळून हिलालच्या हातात दिली. हिलालचा चेहरा पांढराफटक पडला.

"घरी काही औषध चालू होतं?" डॉक्टरणीने विचारलं.

"थायरॉईडची गोळी," हेमकांत म्हणाला. "ती पण आता बंद आहे. बाकी काही नाही."

डॉक्टरणीने कौसाबाईकडे पाहिलं. कौसाबाईनेही मान हलवली, काही नाही. ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच वाटत होतं. औषध म्हणजे दुकानातलं, पाकिटातलं, ज्यावर तारीख असते ते. निंबावरची वेल हे काय औषध झालं? पाण्याला, भाकरीला कोणी औषध म्हणतं का? माळेचा विश्वास खुंटीवर तुटला होता, पण काढ्यावरचा नव्हता. उलट एक आधार गेला म्हणून दुसरा तिने आणखी घट्ट धरला.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी ती घरून थर्मास घेऊन आली. दुपारी नर्स पलीकडच्या खाटेपाशी असताना तिने ममताच्या मानेखाली हात घातला.

"ममता, माय शे. तोंड उघाड, बेटा."

ममता ना कोणाला ओळखत होती, ना डोळे उघडत होती. पण आईचा आवाज कानावर पडला आणि तिने तोंड उघडलं. लहानपणी जंताचं औषध पाजताना उघडायची, तसंच. कौसाबाईने दोन चमचे पाजले, पदराने ओठ पुसले. तिसऱ्या चमच्याला नर्सने पाहिलं.

"आजी! काय पाजताय?"

"काही नही वं. गुळवेलनं पानी शे."

डॉक्टरीण आली. ती ओरडेल असं कौसाबाईला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने थर्मासचं झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि कौसाबाईला बाहेरच्या बाकावर घेऊन बसली. हेमकांत भिंतीला टेकून उभा राहिला.

"हे कधीपासून देताय?"

"पावसायापाईन."

"रोज?"

"रोज. नागा नही पडू दिधा," कौसाबाई म्हणाली, आणि म्हणताना तिच्या आवाजात नकळत थोडा अभिमानही आला. तो अभिमान तिला पुढे कितीतरी दिवस कानात ऐकू येत राहिला.

डॉक्टरणीने सावकाश सांगितलं. गुळवेल बऱ्याच जणांना काही करत नाही. पण काहींच्या लिव्हरला ती सोसत नाही. थायरॉईडचा एक प्रकार असतो, त्यात शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते. ममताचा तसलाच असावा असं रिपोर्टवरून दिसतंय. अशा माणसाला हा काढा रोज दिला की तीच ताकद लिव्हरवर उलटू शकते. लक्षण दिसताच काढा बंद करून इकडे आणलं, तर पुष्कळदा माणूस सावरतो.

"आनि आते?" कौसाबाईने विचारलं.

"आता सुरतला हलवायला हवं. आजच."

"मंग हाई… मन्हामुये?"

"मुद्दाम कोणी करतं का, आजी," डॉक्टरीण म्हणाली आणि फोन करायला उठून गेली. 'नाही' असं काही ती म्हणाली नाही.

रुग्णवाहिकेत कौसाबाई ममताच्या पायाशी बसली होती. पाय गार होते म्हणून चोळत होती. नवापूर मागे पडलं आणि थोड्या वेळाने सोबतच्या माणसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याने बराच वेळ खटपट केली. मग तो खाली उतरला आणि त्याने हेमकांतच्या खांद्यावर हात ठेवला. कौसाबाई पाय चोळतच राहिली. मागे वळलेल्या गाडीत, अख्ख्या वाटेत, कोणाचीही तिला थांबवायची हिंमत झाली नाही.

माणूस गेलं की गाव बोलतं. बोलायलाच हवं, नाहीतर घर खायला उठतं. पण कोरीटने जे बोलायला घेतलं ते ऐकून कौसाबाईला वेड लागायची पाळी आली. माळ छातीपर्यंत उतरली होती की नाही? उतरली होती. दगूबाईने डोळ्यांनी पाहिली होती. मग दवाखान्यात काय केलं? माळ कापली, वर सुया टोचल्या. माळ उलटली, पोर गेली. इतकं सरळ होतं ते सगळं! हिलाल ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कागदातली कापलेली माळ दाखवायचा. तो दुष्ट नव्हता. लेक आपल्या घरच्या काढ्याने गेली हे गिळण्यापेक्षा हे त्याला सोपं जात होतं.

दसव्याला बायका जमल्या होत्या. दगूबाई डोळे पुसत म्हणाली, "तू ते काय कमी करं व्हतं, कौसा? निंबवरनी गुळवेल दिधी, माळ दिधी. त्या दवाखानावालासनीच घात करा."

कौसाबाईने मान वर केली.

"मीच मारी," ती म्हणाली. "मन्हा हातना काढा पीसन मरनी ती. आनि माळ नुसती वाळस म्हनीसन उतरस. भितडावरनी बी उतरस. मी देखं."

दगूबाईने तिला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाकीच्यांना म्हणाली, "दुखमा शे बिचारी. काईबी बोलस." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी चहा ठेवायला उठलं, कोणी पोरांना बाहेर पिटाळलं. जन्मभर तिने सांगितलेलं सगळं गावाने खरं मानलं होतं आणि आता पहिल्यांदा खरं सांगितलं, तर त्याला कोणी कान देईना.

हेमकांत जायला निघाला तेव्हा ती त्याच्या मागे अंगणापर्यंत गेली. चेतना मोटारसायकलच्या टाकीवर बसून होती.

"जवाईबापू, तुम्ही तरी माले बोला. शिव्या द्या."

हेमकांतने तिच्याकडे पाहिलं नाही. "कोन्हा तोंडे बोलू, मामी?" तो म्हणाला. "रोज गाळीसन मीच दिधा ना."

दुसऱ्या दिवशी कौसाबाईने विळा घेतला, बांधावर गेली आणि निंबावरची वेल हाताला लागेल तिथवर तोडून जाळली. हिलाल नंतर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

रविवार मात्र यायचा थांबत नाही. माळेची गोष्ट पसरली होती, आणि कशी? दवाखान्याने कापली म्हणून पोर गेली, इतकी ती माळ कडक! ओटा कधी नव्हे एवढा गजबजला. कौसाबाई दार लावून आत बसायची. लोक बोलून-बोलून कंटाळायचे, जायचे.

एका रविवारी तापीकाठच्या गावातून तुळशीबाई नावाची बाई आली. सोबत लग्नाच्या वयाची लेक. पोरीने भिंतीला डोकं टेकलं होतं आणि डोळे हळदीसारखे झाले होते. या दोघी जाईनात. दुपार कलली तेव्हा कौसाबाईने दार उघडलं.

"मी माळ देत नही आते. तिले दवाखानामा लई जाय."

"बाई, लांबथीन उनूत."

"माळमा काही नही शे वं! मन्ही पोटनी आंडेर मरनी, तुले समजत नही का?"

तुळशीबाई उभी राहिली. "तुमनी गई, म्हनीसन मन्ही बी जावो का?" ती म्हणाली. "नका देऊ. पुढला गावले एक बुवा शे, तो देस. काढा बी देस." आणि तिने पोरीच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

कौसाबाईने त्या पोरीकडे पाहिलं. पोरगी पायरी उतरताना भलतीकडेच पाऊल टाकत होती. खरं सांगून पाहिलं होतं, गावाला सांगितलं, हिला सांगितलं. खऱ्याच्या मागे कोणी येत नव्हतं. माळेच्या मागे येत होते.

"थांब," ती म्हणाली. "बठ आठे."

तिने परसातून घेटुळी उपटून आणली, मुळ्या धुतल्या, तुकडे केले. ममता गेल्यापासून त्या दोऱ्याला तिने हात लावला नव्हता. बांधताना बोलायचं नसतं, त्यामुळे तिचं रडणं कोणाला ऐकू आलं नाही. पोरीच्या डोक्यावर माळ बसवली तेव्हा तिला क्षणभर दुसरेच केस दिसले.

"आते पथ्य आयक," ती म्हणाली, तिच्या जुन्या, खणखणीत आवाजात. "घर जावानं नही. आठून नीट नंदुरबारना दवाखानामा जावानं, आजच. सुई टोची त टोचू देवानी. डॉक्टर देई ती दवाई लेवानी. काढा, पाला, मुयी, कोन्हीबी देवो, त्याले तोंड लावानं नही. आनि आजलगून काय काय पाजं, ते सगळं डॉक्टरले सांगानं. काही दपाडानं नही. हाई पथ्य मोडं त माळ उलटी."

तुळशीबाईने भीतीने मान हलवली. तिने ते सगळं ओठांतल्या ओठांत घोकलं, पदर खोचला, पोरीला सावरत ओटा उतरली. अंगणात पोचल्यावर मात्र तिला शंका आली आणि ती मागे वळली.

"पन बाई, माळवर ते सुई चालत नव्हती ना पहिले?"

"नव्हती चालत," कौसाबाई म्हणाली. "चालती त मन्ही ममता जित्ती ऱ्हाती."